एकाचं वेगळं

हायकोर्टात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, वर बसलेले दोन्ही न्यायाधीश सख्खे भाऊ आहेत. आज हे सांगताना हसू येतं. पण तेव्हा माझा त्यावर पक्का विश्वास बसला होता, आणि दिवाळीच्या सुटीत गावी जाऊन मी ते आईवडिलांनाही सांगून आलो होतो.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गातल्या मुलांना न्यायालय दाखवायला नेलं होतं. त्या इमारतीत शिरताना माझा आवाज आपोआप खाली गेला. छत इतकं उंच की मान वर केली तर टोपी पडावी. कोर्टाच्या खोलीच्या दाराशी मी चपला काढायला वाकलो, तेव्हा लाल पट्टा लावलेला शिपाई हळूच म्हणाला, "राहू दे गा, हे काही देऊळ नोहे." मी चपला परत घातल्या. पण आत गेल्यावर मला वाटलं, काढल्या असत्या तरी चाललं असतं.

आम्ही मागच्या बाकांवर बसलो. त्या दिवशी एका प्रकरणाचा निकाल होता. सरांनी आधी थोडक्यात सांगितलं होतं. कुठल्याशा नगरपालिकेच्या दवाखान्यातली एक परिचारिका. लग्न केलं म्हणून तिची नोकरी गेली, कारण नियमच तसा होता. बाईनं लग्न केलं की तिनं जागा सोडायची. पुरुषांना असा नियम नव्हता. ती पुढच्या खुर्चीवर पदर घट्ट धरून बसली होती.

उजवीकडे चष्मा लावलेले न्यायाधीश होते. त्यांनी आधी वाचलं. माझं इंग्रजी तेव्हा अर्धंमुर्धं होतं, पण इतकं कळलं की नियम सगळ्या बायकांना सारखाच आहे, तिला तो नोकरीला लागतानाच ठाऊक होता, म्हणून तिचा अर्ज फेटाळावा, असं ते म्हणत होते. मग डावीकडचे पांढऱ्या केसांचे न्यायाधीश वाचू लागले. पहिल्याच वाक्यात त्यांनी शेजारच्यांना 'माय लर्नेड ब्रदर' म्हटलं. ब्रदर म्हणजे भाऊ, एवढं मला येत होतं. आणि पुढे म्हटलं की पूर्ण आदर ठेवूनही मला त्यांचं म्हणणं मान्य करता येत नाही.

मी थक्क झालो. भर सभेत, एवढ्या लोकांसमोर, एक भाऊ दुसऱ्या भावाला चूक म्हणत होता, आणि दुसरा भाऊ हनुवटीखाली हात ठेवून ते नीट ऐकत होता. कोणाचा आवाज चढला नाही. वाचून झालं तेव्हा दोघं बरोबरच उठले, चष्म्याच्या न्यायाधीशांनी पांढऱ्या केसांच्यांना हातानं 'आधी तुम्ही' अशी खूण केली आणि दोघं मागच्या एकाच दारातून आत गेले.

बाहेर व्हरांड्यात ती परिचारिका वकिलांना विचारत होती, "म्हणजे मी अर्धी जिंकले का?"

वकील म्हणाले, "बाई, दोघांचं जमलं नाही. आता तिसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल."

"पण त्या पांढऱ्या केसांच्या साहेबांनी माझं म्हणणं बरोबर आहे म्हटलं ना?"

वकील हो म्हणाले. ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं ती रडेल. पण तिनं पदर सोडला, सारखा केला, आणि त्यांनी काय काय म्हटलं ते मराठीत सांगा म्हणाली.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, कुहीकडे, धानाच्या पट्ट्यात. दिवाळीत घरी गेल्यावर मी हे सगळं सांगितलं. आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "एकाच घरात दोन जज? त्याहिची माय केवढी नशिबाची असन." मग विचारलं, की भांडण झाल्यावर ते जेवायला एका ताटात बसत असतील का. मी म्हटलं, ताटाचं माहीत नाही, पण दार एकच होतं. बा उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. पाणी तर मी आधीच दाखवलं होतं.

त्यांच्या उठून जाण्याचं कारण आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

बा आमच्या वस्तीचे वडीलधारे. दीक्षा घेतल्यापासून वस्तीचं सगळं बैठकीत ठरतं. विहाराच्या ओट्यावर माणसं बसतात, बोलतात, कधी वादही होतो, आणि शेवटी बा विचारतात, "सगळ्याईचं एक?" सगळे म्हणतात, "एक." हा शब्द सगळ्यांच्या तोंडून आल्याशिवाय बैठक उठत नाही. गावाशी आम्ही ज्या ज्या वेळी उभे राहिलो, ते या एका शब्दावर. पूर्वी गावच्या विहिरीवर आम्हाला हात लावता येत नसे. कोणी वरून ओतलं तर घागर भरायची. नंतर सरकारनं आमच्या वस्तीत विहीर खोदून दिली, तिच्यासाठी अर्ज करतानाही सगळे 'एक' म्हणाले होते.

त्या विहिरीच्या पलीकडे दोर वळणाऱ्यांची दोन-तीन घरं आहेत. लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. आम्ही त्यांना आमच्याहून खालचे समजत होतो. त्यांच्या बायका घागरी घेऊन आमच्या विहिरीपासून जरा लांब उभ्या राहत, आणि आमच्यातली कोणीतरी बाई त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायची. मी लहानपणापासून हे पाहिलं होतं. त्यात काही पाहण्यासारखं आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

वाटलं ते माझ्या काकांना. काका बांचे धाकटे भाऊ. धानाचं काम संपलं की नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या वखारीत हमालीला जात. एका बैठकीत त्यांनी हा विषय काढला. या घरांनाही विहिरीवर पाणी भरू द्या, असं ते म्हणाले. निदान वस्तीत सगळे असंच सांगत. गलका झाला, आणि आहे तेच चालू ठेवावं असं ठरत आलं. शेवटी बांनी विचारलं, "सगळ्याईचं एक?" सगळे म्हणाले, एक. काका म्हणाले, "माहं नाही."

असं कधी झालं नव्हतं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बैठक उठेना. तेव्हा कोणीतरी तोड काढली, की हा बैठकीत आलाच नाही असं समजू. बांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा काका तिथेच बसले होते, पण त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि सगळ्यांचं एक झालं. त्या दिवसापासून काका बैठकीत नव्हते, पुढे पुढे वस्तीच्या लेखीही नव्हते. त्यांच्या घरी कोणी जात नसे. बा आणि काका शेजारच्या बांधांवर काम करत, पण एकमेकांशी बोलत नसत. मध्ये मी कॉलेजला गेलो. इतकी वर्षं झाली.

आता काकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. वस्ती मांडवात आली नाही तर पाहुण्यांसमोर काय अवस्था होईल, हे कोणालाही कळत होतं. वस्तीचा निरोप असा, की काकांनी बैठकीत येऊन एवढंच म्हणावं, 'एक'. मागचं सगळं विसरू. एकच शब्द. काकू आमच्या आईजवळ लपून रडून गेली होती. काका तो शब्द म्हणायला तयार नव्हते.

दिवाळी संपवून मी नागपूरला आलो तो हे ओझं घेऊन. आणि मला राहून राहून ते दोन भाऊ आठवायचे.

प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं कॉलेजात व्याख्यान ठेवलं, तर पाहुणे म्हणून आले ते तेच, पांढऱ्या केसांचे. तोवर ते निवृत्त झाले होते. काळ्या झग्याशिवाय ते एखाद्या शाळामास्तरांसारखे दिसत होते. संविधानातल्या समतेवर बोलले. शेवटी प्राचार्य म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी उठलो कसा, मला अजून कळत नाही.

मी म्हटलं, "सर, तुमचे भाऊ आता तुमच्याशी बोलतात का?"

त्यांना कळेना. "कोणते भाऊ?"

"लर्नेड ब्रदर. त्या परिचारिकेच्या निकालाच्या दिवशी तुमच्या बाजूला बसले होते ते."

सभागृहात एकदम हशा फुटला. मागून कोणीतरी म्हणालं, "बस बे, खाली बस." माझे कान तापले. खाली बसावं की उभं राहावं तेही सुचेना. पण ते हसले नाहीत. लोकांचं हसणं संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी सांगितलं, की न्यायाधीश एकमेकांना भाऊ म्हणतात ती पद्धत आहे, नातं नाही. "पण याचा प्रश्न चुकीचा नाही," ते म्हणाले. "बोलतात. त्याच दुपारी मी त्यांच्या डब्यातली पाटोडी खाल्ली. तिखट होती."

आता लोक वेगळं हसले. मी खाली बसलो.

चहाच्या वेळी त्यांनी मला बोलावून घेतलं. प्राचार्य जवळच उभे होते, म्हणून मी आणखीच आक्रसलो. ते आमच्याकडच्याच बोलीत म्हणाले, "काहून विचारलंस रे ते?"

त्या 'काहून'नं माझी भीड गेली. मी त्यांना विहिरीचं, काकांचं, त्या एका शब्दाचं सगळं सांगितलं. बशीतला चहा गार झाला. ते ऐकत होते तेव्हा त्यांनी हनुवटीखाली हात ठेवला होता, आणि मला जाणवलं की हे ऐकणं कोर्टातलंच आहे. एका खेड्यातल्या वस्तीचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं होतं, आणि ते त्याला लहान समजत नव्हते.

मी विचारलं, ती परिचारिका जिंकली का. ते म्हणाले, नाही. तिसऱ्या न्यायाधीशांना चष्म्याच्या न्यायाधीशांचं पटलं. ती हरली.

"मग सर, तुम्ही लिहिलं त्याचा उपयोग काय झाला?"

हे तोंडून गेलं आणि मला भीती वाटली. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, हरणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं कोणी ऐकलं की नाही, हे कळत नाही. सगळ्यांचं एक झालं की त्याला वाटतं, आपण बोललोच नाही. तिला निदान एवढं कळलं की ती बोलली होती. मग म्हणाले, दुसराही उपयोग झाला, तो तिला दिसला नाही. माझं वेगळं आहे हे कळल्यावर माझ्या सहकाऱ्यांनी आपला निकाल परत लिहिला. आधीच्यापेक्षा चांगला लिहिला. मला तो पटला नाही, पण चांगला होता.

आणि मग त्यांनी त्यांची कामाची रीत सांगितली. ती मी जशी ऐकली तशी लिहितो.

"ज्याचं आपल्याला पटत नाही, त्याचं म्हणणं आधी लिहायचं. आपलं उत्तर नंतर. आणि ते लिहून त्याला वाचून दाखवायचं. विचारायचं, तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना? तो हो म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. त्या निकालात माझ्या सहकाऱ्यांच्या बाजूचं एक वाक्य आहे. मी लिहिलं होतं त्याहून ते त्यांनीच मला नीट करून दिलं. माझ्याविरुद्धचं वाक्य, माझ्याच निकालात." ते पहिल्यांदा हसले. "तुझ्या काकाचं म्हणणं त्या बैठकीत कोणी असं परत सांगितलं होतं का?"

मी आठवून पाहिलं. कोणीच नव्हतं सांगितलं.

प्राचार्य घड्याळाकडे पाहू लागले. जाताना न्यायाधीशांनी आणखी एक सांगितलं. समता मागताना आपण वरच्यांकडे पाहतो, आणि त्यात काही चूक नाही. पण समतेचं ते कलम परत वाच, त्यात वर-खाली अशी दिशा लिहिलेली नाही.

मी वसतिगृहात येऊन ते कलम वाचलं. परीक्षेसाठी ते मला पाठ होतं. त्या रात्री ते वाचताना मला पहिल्यांदा आमची विहीर दिसली, आणि त्या वाक्याच्या पलीकडच्या बाजूला आम्ही उभे होतो. एवढं मोठं वाक्य, आणि ते आमच्या कुहीकडच्या वस्तीपर्यंत पोचत होतं. आमच्या बाजूनं पोचत होतं, आणि आमच्यावरही.

परीक्षा संपल्यावर गावी गेलो. लग्न जवळ आलं होतं. मी बांना आधी माझी चूक सांगितली. ते दोघं भाऊ नाहीत, नुसतं म्हणतात.

बा विडी पेटवत होते. काडी विझली. "सख्खे नोहेत?"

"नाही. नात्याचे पण नाहीत."

"आन् तरी भाऊ म्हणते?"

"हो."

त्यांनी न पेटलेली विडी कानामागे खोचली. मी मग न्यायाधीशांची रीत सांगितली. मला वाटलं होतं की बा म्हणतील, ती मोठ्या लोकांची कोर्टं, आपलं वेगळं. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "वाचून दाखवते? ज्याचं हाये त्यालेच?" मी हो म्हटलं.

लग्नाच्या आठवड्यात बैठक बसली. काकांना बोलावलं होतं. ते आले, पण ओट्यावर बसले नाहीत, खांबाशी उभे राहिले. बायका नेहमीप्रमाणे मागे, भिंतीला टेकून. सगळ्यांना वाटत होतं, बा विचारतील, काका तो शब्द म्हणतील, आणि चहा होईल. एका म्हाताऱ्यानं तर काकांना आधीच सांगून ठेवलं, "म्हण न् टाक गा, जिभेले काय लागते?"

बा उठले. त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. ते म्हणाले, "माह्या भावानं तवा एक गोष्ट म्हटली होती. ते मी आज सांगतो. तो म्हणे, दोर वळणाऱ्याईले बी या विहिरीवर पाणी भरू द्या."

मग खांबाकडून आवाज आला.

"तसं नाही म्हटलं मी, भाऊ."

इतक्या वर्षांनी काका आपल्या भावाशी बोलले, ते हे. मला वाटलं, संपलं आता. पण बा चिडले नाहीत. ते काकांकडे वळले आणि म्हणाले, "मंग कसं म्हटलं होतं? सांग. मले नीट सांगाचं हाये."

काका खांब सोडून पुढे आले. "'भरू द्या' नाही म्हटलं. द्याले आपण कोण? मी म्हटलं होतं, ते विहीर त्याईची बी हाये."

मला वाटतं, तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलं की इतकी वर्षं आपण काकांचं जे म्हणणं सांगत होतो, ते त्यांचं नव्हतंच. मीसुद्धा त्या मोठ्या माणसासमोर चुकीचंच सांगून आलो होतो. 'भरू द्या' आणि 'त्यांची आहे', यात किती अंतर आहे, ते मला कुठल्याही पुस्तकात इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. आम्हीही गावच्या विहिरीबद्दल कधी 'द्या' म्हटलं नव्हतं. आमची आहे, म्हटलं होतं.

बांनी ते शब्द जसेच्या तसे पुन्हा म्हटले. सगळ्यांना ऐकू जाईल असे. मग विचारलं, "हेच ना?"

"हेच," काका म्हणाले.

"तर याचं हे हाये. सगळ्याईचं एक नाही. एकाचं वेगळं हाये, आन् तो बैठकीत हाये." बांनी ओट्यावरच्या सगळ्यांकडे पाहिलं. "लगनाले ज्याले याचं असन त्यानं यावं. मी तर जातो. माही पुतणी हाये."

काही माणसं उठून चालू लागली. कोणी पुटपुटलं, की मग विहिरीचं काय. कोणी म्हणालं, विहिरीचं जे होतं तेच. मला मनात थोडं वाईट वाटलं. एवढं सगळं होऊन विहीर होती तिथेच होती. काका ओट्याच्या कडेला, बांपासून जरा अंतर ठेवून बसले.

तेवढ्यात मागून, भिंतीकडून, आईचा आवाज आला. मोठा नव्हता.

"एकाचंच वेगळं हाये हे कोणं ठरवलं? पाणी तं आमी भरतो. वरून ओततो बी आमीच. आमाले कवा कोणी विचारलं?"

कोणीतरी हसलं. काकू पदराआड हसली की रडली, कळलं नाही. उठून निघालेला तो म्हातारा म्हणाला, "आता हे बी आलं." पण तो थांबला.

बांनी आईकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. ज्या माणसानं वस्तीला इतक्यांदा प्रश्न विचारला होता, त्याला आत्ता कळत होतं की आपण तो कोणाकोणाला विचारलाच नव्हता. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि आईला, जिच्याशी ते चारचौघांत कधी बोलत नसत, विचारलं, "तुयं काय म्हणणं हाये, सांग वं. सावकाश सांग. मले मंग तुह्याच शब्दात सांगा लागन."

आई उठून उभी राहिली. उठलेली माणसं एकेक करून परत खाली बसली.